घोडा आहे का

६ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार.

चार महिन्यांनी पत्र लिहिते आहे. त्याबद्दल आधी रागावून घे आणि मग पुढचं वाच.

सासूबाईंना टायफॉइड झाला होता. ताप उतरून महिना झाला, रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या, पण अंगात जीव म्हणून नाही. जिना चढताना मधल्या पायरीवर बसतात. झोप तुटक लागते. छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून उभ्याने काम केलेली बाई, तिला आता पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. ते बघवत नाही.

डॉक्टरांना मी आसकंदाचं विचारलं. त्यांनी चालू गोळ्यांची यादी पाहिली, थायरॉइडचं काही नाही ना ते विचारलं आणि म्हणाले, थोडं देऊन बघा, काही वेगळं वाटलं तर लगेच थांबवा. सासूबाईंचा मात्र मुळ्याबिळ्यांवर काडीचा विश्वास नाही. "झाडाची मुळं माझ्या पोटात कशाला पेरतेस?" म्हणाल्या.

मी ज्या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात कच्चा माल तपासते तिथे आसकंदाची पोती रोज माझ्या टेबलावर येतात. पण घरच्या माणसाला द्यायचं ते मला तुझ्या दुकानातलं हवं. आजोबा मूळ मोडून माझ्या नाकाखाली धरायचे, आठवतं? चांगल्या आसकंदाला घोड्याच्या अंगाचा वास येतो, अश्वगंधा हे नाव काय उगाच पडलं नाही, असं सांगायचे. मग विचारायचे, "घोडा आहे का?" मी "आहे" म्हटल्याशिवाय पुडी बांधायचे नाहीत. त्या शिकवणीवर मी आज पोट भरते. आमचे साहेब ओलावा मोजायच्या यंत्राकडे धावतात आणि मी आधी हुंगते, म्हणून सगळे मला हसतात.

पाव किलो पाठव. कसं द्यायचं तेही लिही.

तुझी
नकटी


१४ जानेवारी

प्रिय नकटे,

रागावून झालं. आता पुढचं.

पाव किलो मूळ याच पार्सलात आहे. पांढरं आहे, बोटाएवढं जाड आहे, मोडलं की कट्ट असा आवाज येतो आणि आत पीठ दिसतं. भरडून घे. लहान चमचाभर भरड, कपभर दूध, कपभर पाणी. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत उकळ, गाळ, वर चमचाभर तूप आणि चवीपुरती साखर. निजायच्या आधी द्यायचं. पहिले आठ दिवस अर्धंच. पोट बिघडलं तर थांब. ताप उलटला तर त्या दिवसापासून बंद.

आणि सासूबाईंना सांग की हे अमृत नाही. माझ्याकडे व्यायामशाळेतली मुलं येतात, त्यांना महिन्यात दंड फुगवायचे असतात. म्हाताऱ्यांना झोप हवी असते. कोणी गुडघ्यावर लेप लावायला नेतं. दिवस गेलेल्या एका मुलीला परवा तिची आईच घेऊन आली होती, तिला मी हात हलवत परत पाठवलं. बाबा म्हणायचे, आसकंद म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाची काठी. पळणाऱ्याला काठी कशाला आणि आडव्या पडलेल्याला तरी काय उपयोग? तुझ्या सासूबाई उठून बसल्या आहेत, त्यांना चालेल.

इथे ठीक. मध्यंतरी डिसेंबरात मलाही आठ दिवस ताप होता, कोणाला कळवलं नव्हतं. आता ठणठणीत आहे. परवा गंमत झाली. मागच्या खोलीत दूध ठेवलं आणि मी पुढे बडीशेप निवडत बसले. शेजारचा शिंपी ओरडत आत आला, तेव्हा दुधाचा कोळसा झाला होता आणि पातेलं लाल. मला म्हणतो, "अहो, रस्त्याच्या टोकापर्यंत वास गेलाय!" मी कामात होते, दुसरं काय. काम करताना माझं असंच होतं.

बाबांचं तू काढलंस म्हणून आठवलं. सत्तराव्या वर्षी एका सकाळी त्यांना ओव्याचा वास लागला नाही. त्याच दिवशी ते दुकानातल्या बैठकीवरून उठले आणि परत कधी बसले नाहीत. "नाक गेलं की दुकान दुसऱ्याचं," म्हणाले. तेव्हापासून मी बसते आहे. पुढच्या वर्षी मलाही सत्तर पुरी होतील, पण उठायचा विचार नाही. उठून जाणार कुठे? घरात भिंतींशी बोलायचं का?

तुझी आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

वाईट बातमी आहे, पण आता काळजीचं कारण नाही.

पहिले आठ दिवस छान गेले. सासूबाई तोंड वाकडं करून का होईना, कप रिकामा करत होत्या. नवव्या दिवसापासून तू सांगितलंस तसा पूर्ण चमचा घातला आणि दोनच दिवसांत त्यांचं पोट बिघडलं. उलट्या, जुलाब. सलाइन लावावं लागलं. महिनाभरात कमावलेलं सगळं गेलं. पलंगावरून मला म्हणाल्या, "तुझ्या आत्याच्या घोड्यानं लाथ मारली गं." हसत म्हणाल्या, पण मी त्या रात्री रडले. देणारी मीच होते.

उरलेली मुळं काढून मोडली. दिसायला पांढरी, स्वच्छ. पण वास ओल्या गोणपाटाचा. कुबट. घोडा कुठेच नव्हता. मी भरडताना लक्षच दिलं नाही, कारण पुडी तुझी होती. कारखान्यातल्या प्रत्येक पोत्याला नाक लावते आणि घरच्या पुडीला नाही लावलं.

पार्सल वाटेत भिजलं असेल का? कागद कोरडा होता, तरी विचारते.

नकटी


१७ फेब्रुवारी

प्रिय नकटे,

पत्र मिळालं. सासूबाईंना माझ्याकडून माफी सांग. माझ्या दुकानातल्या पुडीनं कोणी आजारी पडल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं.

वाटेतच भिजलं असणार. पोस्टात पार्सलं कशी फेकतात, तू बघितलेलं नाहीस. कागद वाळतो, मूळ वाळत नाही. मी स्वतः मोडून, बघून आणि चाखून बांधलं होतं. चांगलं कडू होतं. की तुम्ही दूध नीट उकळलं नव्हतं? आणि राग मानू नकोस, पण दिवसभर त्या कारखान्याच्या धुळीत बसून तुझंही नाक पहिल्यासारखं राहिलं असेल असं नाही.

दुसरं मूळ पाठवते आहे, वर प्लास्टिक गुंडाळून. पण सासूबाई पुरत्या बऱ्या होईपर्यंत देऊ नकोस.

आत्या


५ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

पार्सल मिळालं. प्लास्टिक फाटलेलं नव्हतं. सासूबाई आता भात खातात, दुपारी खुर्चीत बसतात. मुळं मी तशीच ठेवली आहेत.

एक काम होतं. कारखान्यात तीन ठिकाणचा माल आला आहे आणि साहेबांचं ठरत नाही. माझ्या मनात आलं, तुझं मत घ्यावं. तीन पुड्या पाठवते, त्यांवर एक, दोन, तीन असे आकडे आहेत. कोणती घ्यावी? मालावर फवारणी झालेली आहे, म्हणून चाखू मात्र नकोस. नुसती मोड आणि हुंग.

सवडीने कळव, घाई नाही.

नकटी


१३ मार्च

प्रिय नकटे,

कारखान्याच्या साहेबांना माझं मत हवं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. असो. पुड्या पाहिल्या.

एक नंबरचं मूळ बारीक आहे, पिवळट आहे, जुनं असावं. तीन नंबर बरं आहे, पण त्यात देठाचे तुकडे फार. दोन नंबर घ्या. पांढरंशुभ्र, सरळ, जाड, कीड नाही. बाबांच्या वेळी असा माल यायचा. मी असते तर डोळे मिटून दोन नंबर घेतला असता.

शिंपी नवीन यंत्र घेतो आहे, सगळा दिवस खडखड. बाकी ठीक.

आत्या


२० मार्च

ती. आत्यास नमस्कार.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

साहेबांना कोणाचंच मत नको होतं. मी खोटं बोलले. दोन नंबरची पुडी आम्ही नापास केलेल्या पोत्यातली होती. दिसायला सुरेख, म्हणून तर व्यापाऱ्यानं ती वर ठेवली होती. पण पुडी उघडली की वास नाकात जातो. आमचा हमाल दारातूनच म्हणाला, "बाई, हे कुजलंय." तू तिला पहिला नंबर दिलास.

तू पाठवलेलं दुसरं पार्सलही कुबटच होतं. पावसाचा थेंब नाही, प्लास्टिक शाबूत. मग मी तुझी पत्रं काढून बसले. पूर्वी तुझ्या पत्रात वासच वास असायचे. माझ्या पाकिटाला फोडणीचा वास येतो म्हणून चिडवायचीस. या हिवाळ्यापासून तुझ्या पत्रांत रंग आहे, जाडी आहे, आवाज आहे, चव आहे. वास एकही नाही. दुधाचा कोळसा होतो आणि रस्त्याच्या टोकावरच्या माणसाला कळतं, तुला कळत नाही. "मोडून, बघून आणि चाखून" लिहिलंस. कडू चव जिभेवर कळते गं, नाक लागत नाही.

तापानंतर गेलं का? किती दिवस झाले?

तुला असं पारखणं मला आवडलं नाही. सरळ विचारायला हवं होतं. पण सरळ विचारलं असतं तर तू पोस्टावर ढकललं असतंस, आणि मी मानलंही असतं, कारण मला तेच मानायचं होतं. इथे सासूबाईंना सलाइन लावलं. तिथे तुझ्याकडून कोणकोण पुड्या नेत असेल, त्यांचा विचार मनातून जात नाही.

उत्तर दे. रागाचं दिलंस तरी चालेल.

नकटी


२ मे

प्रिय नकटे,

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं उघडायला सहा आठवडे लागले. तू मध्ये दोनदा फोन केलास, तो मी मुद्दाम उचलला नाही.

हो. तापानंतर गेलं. डिसेंबरपासून. पहिल्यांदा वाटलं सर्दी आहे, येईल परत. मग रोज सकाळी दुकान उघडलं की ओव्याचा डबा नाकाला लावून बघायची. काही नाही. पाण्याच्या डब्यात तोंड घातल्यासारखं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की बाबांचा नियम लागू होतो. तू "चाखू नकोस" लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण तीन पुड्या समोर ठेवून मी अर्धा दिवस बसले, आणि शेवटी गोऱ्या रंगाला भुलले. लग्नाळू पोरांना मी याच गोष्टीवरून हसत आले.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस राग केला. तुझा. पाचव्या दिवशी शिंप्याला बोलावलं आणि म्हटलं, आत ये आणि एकेक डबा हुंग. तो आसकंदाच्या फळीजवळ जाऊन नाक धरून उभा. मी म्हटलं, मग आधी का नाही बोललास? तर म्हणतो, "मला वाटलं, औषधांचा वास असाच असतो." फळी ओढली तर मागची भिंत ओलीगच्च. शिंप्याच्या बाजूचा नळ भिंतीत आतल्या आत गळत होता. खालचे तिन्ही डबे गेले.

मग वही काढली. कोणाला काय दिलं ते मी पहिल्यापासून लिहिते. डिसेंबरपासून आसकंद नेलेली एकोणीस घरं निघाली. सगळीकडे स्वतः गेले. दारात उभं राहून सांगितलं, माझं नाक गेलंय, पुडी खराब आहे, परत द्या, कोणाला त्रास झाला का? तिघांना झाला होता. उन्हाची बाधा समजून ते गप्प बसले होते. एक बाई दार लावून घेताना म्हणाली, आता तुमच्याकडे येणार नाही. तिचं काय चुकलं? एक व्यायामशाळेतला मुलगा म्हणाला, मी खाल्लीच नाही, आईला दाखवायला नेली होती.

शेवटी मास्तरांकडे गेले. शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच असतात, दर पंधरा दिवसांनी झोपेसाठी आसकंद नेतात आणि तासभर बसून डोकं खातात. मी म्हटलं, पुड्या द्या. त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत सगळ्या पुड्या तशाच, माझी गाठही सोडलेली नाही. पहिली घरी आणली त्याच दिवशी वास आला होता, म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, मग नेत कशाला होता? तर खाली बघून म्हणतात, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद केलं असतं. मग मी तासभर कुठे बसलो असतो?"

त्यांना खूप बोलले. एकोणीस घरांत बाकीच्यांच्या पोटात ते जात होतं, त्याचं काय? ते म्हणाले, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगू का, माझ्याही नव्हतं आलं. घरी येऊन मी रडले. त्यांना बोलले म्हणून नाही. मीही तेच केलं होतं म्हणून.

दुकानाला कुलूप आहे. सासूबाई कशा आहेत ते लिही, लपवू नकोस.

आत्या


१० मे

ती. आत्यास नमस्कार.

सासूबाई पूर्ण जिना न थांबता चढल्या. काल. तेही माझ्याशी भांडत. काही न घेता, नुसतं वेळेवर जेवून आणि दुपारी झोपून. तेव्हा तू आता सुटलीस.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. एकोणीस घरांचं ऐकून म्हणाल्या, इस्पितळात एकदा त्यांच्या हातून सलाइनची चुकीची बाटली लागली होती. वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी जाऊन स्वतः सांगावं लागलं होतं. पुढचं त्यांनी तुला लिहायला सांगितलंय, तसंच्या तसं लिहिते: "त्यानंतर मी नोकरी सोडली नाही. बाटली लावायच्या आधी नाव मोठ्याने वाचायला लागले, आणि पेशंटलाही वाचायला लावलं. कुलूप लावणं सोपं असतं."

मी काही सल्ला देत नाही. तुझं नाक, तुझं दुकान. पण मी तुझ्याकडे हुंगायला शिकले, आणि मला कोणी दुसऱ्यानं शिकवलेलं नाही. आजोबा विचारायचे, पण काय शोधायचं ते तू सांगायचीस.

नकटी


८ जून

प्रिय नकटे,

सासूबाईंना सांग, त्यांचं वाक्य मी दहा वेळा वाचलं. पहिल्या नऊ वेळा राग आला.

नळ बदलला, भिंत वाळवून घेतली, फळी पुढे ओढली. नवीन माल आला. सोमवारी दुकान उघडलं. बाबांचा नियम मोडला नाही, फक्त वाकवला. आता पुडी मी बांधत नाही, जोवर नेणारा स्वतः हुंगत नाही. मी मूळ मोडते आणि त्याच्या नाकाखाली धरते. काय शोधायचं ते सांगते. घोड्याच्या पाठीवरचं जीन काढलं की येतो तसा, घामट आणि किंचित उग्र. गोणपाटासारखा, बुरशीसारखा, तळघरासारखा आला तर बोला, लाजू नका. ज्याला सर्दी आहे त्याला परत पाठवते. मास्तर पहिल्याच दिवशी आले. त्यांना सगळ्यात आधी हुंगायला लावलं आणि बजावलं, खोटं बोललात तर परत या दुकानाची पायरी चढायची नाही. आता ते रोज येतात, सगळे डबे हुंगतात आणि एका पाटीवर लिहितात. शिकवायची खोड आहे, गिऱ्हाइकांनाही शिकवतात. बसायला तास मिळाला, वर काम मिळालं.

दार लावून घेतलेली बाई आलेली नाही. बहुतेक येणार नाही.

मला अजून कसलाही वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. ओव्याचा डबा सकाळी नाकाला लावायचं मी सोडून दिलंय. सवय गेली तेव्हा जरा हलकं वाटलं.

सोबत पाव किलो. मास्तरांनी पास केलं आहे, पण मास्तर म्हणजे तू नव्हेस. सासूबाईंनी आता घ्यावं असं मी म्हणत नाही, त्यांना काठी लागत नाही. पण एक मूळ मोड, हुंग आणि मला लिही. पहिल्यासारखं आहे का, हे मला दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

आत्या


१९ जून

ती. आत्यास नमस्कार.

पार्सल काल आलं. मी कामावर होते. घरी येऊन बघते तर सासूबाईंनी ते उघडून ठेवलेलं, आणि त्या खुर्चीत बसून एक मूळ मोडून नाकाशी धरून बसलेल्या. माझ्यासाठी थांबल्याच नाहीत. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांकडे टांगा होता. शाळेतून आल्या की घोड्याला पाणी दाखवायचं काम त्यांचं. हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तासभर त्या घोड्याबद्दल बोलल्या. डाव्या पायानं लंगडायचा, आणि त्यांच्या हातातूनच पाणी प्यायचा.

मग मी दुसरं मूळ मोडलं.

आत्या, घोडा आहे.

नकटी